नावच मोजले!

इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये सोल्डरिंग करताना रिळावरचं लेबल आपण कधी वाचत नाही. पुढच्या वेळी वाचा. ६३/३७ लिहिलं असेल तर त्या तारेत ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं आहे. शेजारच्या रिळावर ‘लेड-फ्री’ असेल तर त्यात कथिलाबरोबर थोडी चांदी आणि थोडं तांबं आहे, शिसं नाही. आता दोन्ही लेबलं फाडून टाका, बोटभर तुकडे तोडा आणि एखाद्याला म्हणा, यातला शिशाचा ओळखून दाखव. दोन्ही चंदेरी, दोन्ही मऊ. मेकॅनिकलचा एखादा हुशार म्हणेल, सोप्पं आहे, वितळवून बघू! शिशाचं १८३ अंशांना वितळेल, बिनशिशाचं २१७ च्या आसपास. बरोबर आहे. पण मग वायरच्या पीव्हीसी कव्हरमध्ये शिसं आहे का? लाल प्लास्टिकच्या रंगात कॅडमियम आहे का? चार्जरच्या डबीच्या प्लास्टिकमध्ये काय काय घातलंय? तिथे काय वितळवणार?

हा प्रश्न व्हायवापुरता नाही. २००१ च्या डिसेंबरमध्ये, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, हॉलंडच्या सरकारने सोनी कंपनीचे तेरा लाख प्लेस्टेशन गेम अडवून ठेवले होते. कारण काय, तर वायरींमध्ये कॅडमियम कायद्यापेक्षा जास्त. वायरी सोनीने स्वतः बनवलेल्या नव्हत्या, कुठल्या तरी सप्लायरकडून आल्या होत्या. पण बॉक्सवर नाव सोनीचं! त्यानंतर युरोपचा मोठा कायदा लागू झाला, १ जुलै २००६ पासून. त्याचं नाव आर-ओ-एच-एस, बोलताना रोहस. शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घालतात ती ब्रोमीनवाली दोन प्रकारची केमिकल्स, अशा सहा गोष्टींवर मर्यादा आली. कॅडमियमला ०.०१ टक्के, बाकीच्यांना ०.१ टक्के. आणि हे टक्के अख्ख्या मोबाईलचे नाहीत. त्यातला जो जो पदार्थ वेगळा काढता येतो, म्हणजे स्क्रूवरचा मुलामा, वायरचं कव्हर, एक सोल्डरचा ठिपका, त्या प्रत्येकाचे. आपल्याकडेही ई-वेस्टचे नियम २०११ मध्ये आले, १ मे २०१२ पासून लागू झाले, आणि त्यात हीच सहा नावं होती. पुण्यातही जिचं केंद्र आहे त्या सी-मेट या सरकारी संस्थेने हैदराबादला यासाठी टेस्टिंग लॅब उभी केली.

तर टेस्टिंग करायचं कसं? आज पहिली पायरी म्हणजे हातात धरायची एक गन. दिसायला हेअर ड्रायरसारखी. वायरवर टेकवायची, ट्रिगर दाबायचा, थोडं थांबायचं. स्क्रीनवर आकडे येतात : शिसं इतके पीपीएम, कॅडमियम इतके, ब्रोमीन इतके. कापणं नाही, ॲसिडमध्ये विरघळवणं नाही. ही गन काय करते, तर समोरच्या पदार्थातल्या प्रत्येक अणूला त्याचा नंबर विचारते. आणि अणू खोटं बोलत नाही.

अणूला नंबर असतो, आणि तो विचारता येतो, हे ज्याने दाखवून दिलं त्या मुलाची ही गोष्ट. मुलगाच म्हणते, कारण वारला तेव्हा तो फक्त २७ वर्षांचा होता. हेन्री मोझली. मराठी पुस्तकांत त्याचं आडनाव मोजले असंही लिहितात. मला हे फार आवडलं! ज्याने मोजले, तो मोजले.

घरचे त्याला हॅरी म्हणायचे. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या वेमथ गावी. घराणं असं की वाचूनच दडपण यावं. वडील ‘चॅलेंजर’ या प्रसिद्ध जहाजावरून समुद्रातले प्राणी अभ्यासत जगभर फिरून आलेले, पुढे ऑक्सफर्डला प्रोफेसर. त्यांचे वडील, म्हणजे आजोबा, गणिती, जहाजांच्या स्थैर्यावर काम केलेले. आईचे वडील शंखशिंपल्यांचे मोठे जाणकार. आणि आई नुसती प्रोफेसरांची बायको नव्हती, तिने १९१३ मध्ये ब्रिटनची महिला बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. हॅरी चार वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील वारले. आईनेच वाढवलं.

शाळा म्हणजे ईटन, तीही स्कॉलरशिपवर. तिथे फिजिक्स आणि केमिस्ट्रीची बक्षिसं. १९०६ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. आणि १९१० ला डिग्री घेऊन बाहेर पडला ती सेकंड क्लासमध्ये! फर्स्ट क्लास हुकल्याचं त्याला वाईट वाटलं होतं म्हणतात. प्लेसमेंटच्या नोटीस बोर्डावर साठ टक्क्यांची अट वाचून परत फिरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

त्याने मँचेस्टर गाठलं. तिथे प्रोफेसर होते अर्नेस्ट रदरफर्ड, ज्यांना १९०८ चं नोबेल मिळालेलं होतं आणि ज्यांच्या लॅबमध्ये नुकताच अणूच्या पोटात न्यूक्लिअस सापडत होता. म्हणजे एच.ओ.डी. असावा तर असा. पण हॅरीला पहिली दोन वर्षं काम मिळालं डेमॉन्स्ट्रेटरचं. पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची आणि उरलेल्या वेळात रिसर्च.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी साधारण अशा लेखांमध्ये गाळतात. त्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये भारतातली, ब्रह्मदेशातली, जपानची, इजिप्तची मुलं होती. घरी लिहिलेल्या पत्रात हॅरीने त्यांच्याबद्दल अतिशय घाणेरड्या शब्दांत लिहिलंय. त्यांच्या अंगाच्या वासाबद्दलसुद्धा. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. म्हटलं जाऊ दे, एडिसनवर लिहू. मग विचार केला की त्या बॅचमधली आपली मुलं त्याच्याच हाताखाली व्हर्निअर वाचायला शिकली असतील, आणि त्यांनीही त्याच्याबद्दल घरी काहीतरी लिहिलंच असेल. ती पत्रं कुणी जपून ठेवली नाहीत इतकंच. ईटनमधल्या त्या काळच्या साहेबाच्या पोराचा माज त्याच्यात पुरेपूर होता. ते त्याच्या खात्यावर राहू दे. त्याने केलेलं कामही त्याच्याच खात्यावर आहे.

शिकवण्यात मन नव्हतं, पण हाताने काम करण्यात त्याची बरोबरी करणारे थोडे होते. त्याने एक काचेचा गोळा घेतला, आतून चांदीचा मुलामा दिला, हवा काढून टाकली आणि मधोमध तारेच्या टोकावर रेडियमचा स्रोत बसवला. रेडियममधून इलेक्ट्रॉन सुटतात, गोळ्यावर जाऊन बसतात, मधला भाग पॉझिटिव्ह होत जातो. कुठलाही सेल न जोडता व्होल्टेज एक लाखाच्या वर! किरणोत्सर्गावर चालणारी ही पहिली बॅटरी म्हणतात. दुसऱ्या कुणी यावर आयुष्य काढलं असतं. हॅरीने पेपर लिहिला आणि पुढे गेला.

१९१२ मध्ये जर्मनीहून बातमी आली की मॅक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेप्रमाणे क्रिस्टलमधून एक्स-रे सोडले तर ते प्रकाशासारखे डिफ्रॅक्ट होतात. हॅरीने ठरवलं की आपण आता एक्स-रेच करायचं. रदरफर्डना ही कल्पना सुरुवातीला पटली नव्हती, कारण लॅबमध्ये एक्स-रेचा अनुभव कुणालाच नव्हता. हॅरी लीड्सला विल्यम ब्रॅग यांच्याकडे जाऊन शिकून आला. जोडीदार होता चार्ल्स गॅल्टन डार्विन. हो, त्याच डार्विनचा नातू. याच डार्विनने पुढे आठवण सांगितली की हॅरी भलत्या वेळी काम करायचा, आणि पहाटे तीन वाजता मँचेस्टरमध्ये जेवण कुठे मिळतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बॉईज हॉस्टेलमध्ये अशी माणसं प्रत्येक मजल्यावर आहेत. आम्हाला काय, साडेनऊला गेट बंद.

पुढचं समजायला त्या वेळचा घोळ माहीत हवा. मेंडेलीवच्या टेबलमध्ये मूलद्रव्यं वजनाप्रमाणे लावलेली होती. पण दोन-तीन ठिकाणी गडबड. कोबाल्टचं अणुभार ५८.९, निकेलचं ५८.७. म्हणजे निकेल आधी यायला पाहिजे. पण गुणधर्म बघितले तर कोबाल्टच आधी बसतं. आर्गॉन-पोटॅशियम, टेल्युरियम-आयोडीन, तिथेही तेच. मग लोक काय करायचे, गुपचूप अदलाबदल. अमक्याचा नंबर २७ म्हणजे तो रांगेत सत्ताविसावा उभा आहे, एवढाच अर्थ. रोल नंबरसारखा. कुणी नवीन ॲडमिशन घेतली की सगळ्यांचे पुढे सरकणार! हॉलंडमधले फान डेन ब्रूक नावाचे एक गृहस्थ, शिक्षणाने वकील, म्हणत होते की हा नंबर नुसता रोल नंबर नाही, न्यूक्लिअसवरचा चार्ज तेवढाच असतो. पण सिद्ध कोण करणार? १९१३ च्या उन्हाळ्यात नील्स बोहर मँचेस्टरला आले, त्यांच्याशी हॅरीचं यावर बोलणं झालं. बोहरचं नवं मॉडेल आलेलं होतंच. हॅरी कामाला लागला.

आधी चार्ल्स बार्कला यांनी दाखवलं होतं की प्रत्येक मूलद्रव्य आपला स्वतःचा असा एक्स-रे सोडतं. त्याचे के आणि एल असे दोन गट. कारण आता आपल्याला माहीत आहे : बाहेरून मारा केला की अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडतो, ती जागा भरायला वरचा खाली येतो, आणि खाली येताना फरकाची ऊर्जा एक्स-रे म्हणून बाहेर पडते. आतल्या इलेक्ट्रॉनला बाहेरच्या जगाशी काही देणंघेणं नाही. तांबं नाण्यात असो, तारेत असो की मोरचुदात, आतला मजला तोच. हा एक्स-रे अचूक मोजला तर?

हॅरीचं उपकरण आपल्या एखाद्या फायनल इयर प्रोजेक्टसारखं जुगाडू होतं. काचेच्या नळीत छोटे रूळ. रुळांवर छोटी गाडी. गाडीवर ओळीने वेगवेगळ्या धातूंचे तुकडे. दोन्ही बाजूंना दोरी बांधून गाडी पुढेमागे ओढायची, म्हणजे हवा पुन्हा न काढता एकामागून एक नमुना इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली येतो. निघालेला एक्स-रे पोटॅशियम फेरोसायनाइडच्या क्रिस्टलवर, तिथून वळून फोटोग्राफिक प्लेटवर. हलक्या मूलद्रव्यांचे एक्स-रे इतके मऊ की हवेतच जिरून जायचे, म्हणून अख्खा स्पेक्ट्रोमीटर हवा काढलेल्या डब्यात. नळीची खिडकी काचेची चालत नाही, काच एक्स-रे खाऊन टाकते. त्याने आधी पातळ ॲल्युमिनियम वापरलं आणि पुढे सोन्याचा वर्ख कुटणारे वापरतात ते बैलाच्या आतड्याचं कातडं. विसाव्या शतकातलं सगळ्यात मोठं फिजिक्स आणि खिडकीला आतडं!

पहिल्या फेरीत त्याने कॅल्शियमपासून झिंकपर्यंत घेतलं, मधलं स्कँडियम सोडून. क्रोमियम त्यात होतं. झिंकसाठी पितळ वापरलं. प्रत्येकाच्या प्लेटवर दोनच ठळक रेषा. साध्या प्रकाशाच्या वर्णपटात (हा शब्द मला मराठी सेक्शनच्या एडिटरने दिला) लोखंडाच्या हजारो रेषा असतात, इथे दोन! प्लेटा एकाखाली एक लावल्या आणि झाला जिना. प्रत्येक मूलद्रव्याला रेषा एक पायरी सरकलेल्या. जिथे स्कँडियम नव्हतं तिथे बरोबर एका पायरीची जागा रिकामी. कोबाल्ट २७ वर, निकेल २८ वर, वजन काहीही असो. फ्रिक्वेन्सीचं वर्गमूळ एका अक्षावर, नंबर दुसऱ्या अक्षावर, सरळ रेषा. फर्स्ट इयरला ग्राफ पेपरवर पॉइंट जबरदस्तीने रेषेवर बसवणारे आपण, आणि याचे आपोआप बसले.

डिसेंबर १९१३ मध्ये पहिला पेपर छापून आला, दुसरा एप्रिल १९१४ मध्ये. मध्येच तो मँचेस्टर सोडून ऑक्सफर्डला आला होता, पगार नाही, पद नाही, लॅबमध्ये जागा तेवढी मिळाली. दुसऱ्या पेपरात ॲल्युमिनियम १३ पासून सोनं ७९ पर्यंतची शिडी तयार आहे, आणि कुठल्या पायऱ्या रिकाम्या आहेत तेही आहे : ४३, ६१, ७५. म्हणजे आता टेबलमध्ये नवीन ॲडमिशनची भीती संपली. जागा किती आणि कुठे, हे ठरलं. गंमत म्हणजे पारा ८० आणि शिसं ८२. आज ज्यांना शोधायला हीच पद्धत वापरतात त्यांच्या अगदी दारात येऊन त्याची शिडी थांबली.

पहिल्या पेपरात एक साधी नोंद आहे. त्याचा कोबाल्टचा तुकडा शुद्ध नव्हता. प्लेटवर कोबाल्टच्या रेषांबरोबर निकेलच्या आणि लोखंडाच्या फिकट रेषाही उमटल्या. आपण असतो तर सॅम्पल खराब म्हणून बदलून आणला असता. हॅरीने लिहिलं की अशुद्धी जर एवढ्या सहज दिसत असेल तर हे केमिकल ॲनालिसिसचं जबरदस्त साधन होऊ शकेल. रेषा थोड्या, आणि एका पदार्थाच्या रेषांमागे दुसऱ्याच्या लपून राहू शकत नाहीत. सापडायच्या राहिलेल्या मूलद्रव्यांच्या रेषा कुठे येतील तेही आधी सांगता येईल असं त्याने म्हटलंय. आरओएचएसची सगळी टेस्टिंग लॅब या दोन-तीन ओळींत आहे.

आजच्या गनचं तत्त्व तेच, भाग बदललेत. मारा इलेक्ट्रॉनचा नाही, गनमधल्या छोट्या ट्यूबच्या एक्स-रेचा, म्हणून याला एक्स-रे फ्लुओरेसन्स किंवा एक्सआरएफ म्हणतात. क्रिस्टल आणि प्लेटच्या जागी सिलिकॉनचा डिटेक्टर, जो येणाऱ्या प्रत्येक एक्स-रेची ऊर्जा थेट मोजतो. कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा. के रेषेसाठी नंबरातून एक वजा करा, वर्ग करा, १०.२ ने गुणा, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. क्रोमियम २४ : तेवीसचा वर्ग ५२९, गुणिले १०.२, म्हणजे साधारण ५.४ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रत्यक्षात ५.४१! ब्रोमीन ३५ ला ११.८ येतं, प्रत्यक्षात ११.९. कॅडमियमला २२.५, प्रत्यक्षात २३.२, म्हणजे वर जाताना सूत्र थोडं मागे पडतं. शिशाचा के इलेक्ट्रॉन उडवायला ८८ किलोव्होल्ट लागतात, ते हातातल्या गनच्या आवाक्याबाहेर, म्हणून शिसं आणि पारा एल रेषेवरून पकडतात. शिशाची १०.५५ ला, पाऱ्याची ९.९९ ला.

पण एका बाबतीत हॅरीचा अंदाज चुकला. रेषा लपतात. आर्सेनिकची के रेषा १०.५४ ला येते, शिशाच्या १०.५५ वर जवळजवळ बसलेली. डिटेक्टरला दोन्ही एकच वाटतात. मग शिशाची दुसरी रेषा, १२.६ ची, आहे का ते बघावं लागतं. ती नसेल तर शिसं नाही, आर्सेनिक आहे. मशीनवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा ऑपरेटर इथे एखाद्या सप्लायरचा अख्खा लॉट उगीच फेल करू शकतो.

आणि दुसरी अडचण जास्त खोल आहे. गन नंबर विचारते, पण तो अणू कोणाच्या संगतीत आहे ते सांगत नाही. पिवळसर झाक असलेल्या झिंक प्लेटिंगच्या स्क्रूवर क्रोमियम दाखवेल. ते विषारी हेक्साव्हॅलंट आहे की साधं ट्रायव्हॅलंट, ते नाही कळणार. त्यासाठी स्क्रू उकळत्या पाण्यात घालून, डायफिनाइल कार्बाझाइड टाकून जांभळट रंग येतो का ते बघायचं. आपल्या हिरव्या एफआर-४ बोर्डवर गन टेकवली तर ब्रोमीन भरपूर दाखवेल, पण ते बहुतेक वेळा अशा केमिकलचं असतं ज्यावर आरओएचएसची बंदीच नाही. बंदी असलेलं आहे का ते शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. २०१९ पासून युरोपने या यादीत चार थॅलेट्स घातलीत, पीव्हीसी मऊ करायला वापरतात ती. ती म्हणजे फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. गनला ती दिसतच नाहीत. म्हणून टेस्टिंगच्या स्टँडर्डमध्ये गनचा निकाल तीन प्रकारचा असतो : मर्यादेच्या बराच खाली म्हणजे पास, बराच वर म्हणजे फेल, आणि मधलं म्हणजे सांगता येत नाही, केमिस्टकडे पाठवा. हे तिसरं उत्तर देण्याची सोय मला आपल्या युनिव्हर्सिटीच्या पेपरातही हवी होती.

असो. हॅरीकडे परत येऊ.

त्याच्या पेपरांनंतर पॅरिसहून जॉर्ज युर्बाँ ऑक्सफर्डला आले. रेअर अर्थ मूलद्रव्यं वेगळी करण्यात त्यांची हयात गेली होती. ही सगळी भावंडं एकमेकांसारखी, वेगळी करायला हजारो वेळा क्रिस्टल करायचं. त्यांनी आपल्या बाटल्या हॅरीपुढे ठेवल्या. थोड्याच दिवसांत हॅरीने यात काय काय आहे आणि किती आहे ते सांगितलं. युर्बाँना आशा होती की त्यांचं ‘सेल्टियम’ म्हणजे ७२ नंबर. हॅरीच्या प्लेटवर ७२ च्या रेषा आल्या नाहीत. वीस वर्षांचं काम आणि काही दिवसांचं मशीन. पण युर्बाँ मोठ्या मनाचे, त्यांनी पुढे या पोराचं कौतुकच केलं.

१९१४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश असोसिएशनची सभा ऑस्ट्रेलियात होती. हॅरी आईला घेऊन निघाला. ते प्रवासात असतानाच ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. त्याने ऑस्ट्रेलियात अणूच्या रचनेवरच्या चर्चेत भाग घेतला, आणि तिथून सरळ घरी येऊन सैन्यात भरती होण्याच्या मागे लागला. कुणी बोलावलं नव्हतं. आईची इच्छा नव्हती. त्याने खटपट करून रॉयल इंजिनिअर्समध्ये सिग्नल ऑफिसरची जागा मिळवली. जो माणूस अणूचे सिग्नल वाचत होता तो आता टेलिफोनच्या तारा टाकायला शिकला. लॅबमध्ये बसून केलेलं काम म्हणजे देशसेवा नव्हे असं त्या वर्गातल्या मुलांना वाटायचं, त्यालाही वाटलं. मला यात शौर्य दिसतं आणि रागही येतो.

जून १९१५ मध्ये त्याची ब्रिगेड तुर्कस्तानला गॅलिपोलीकडे निघाली. ऑगस्टच्या सुरुवातीला सारी बैर नावाच्या डोंगररांगेसाठी मोठी लढाई झाली. त्याच टेकड्यांवर आपल्या गुरखा आणि शीख पलटणीही लढत होत्या. १० ऑगस्टच्या पहाटे मुस्तफा केमालच्या, म्हणजे पुढच्या अतातुर्कच्या, तुकड्या चुनुक बैरच्या शिखरावरून खाली तुटून पडल्या. हॅरीच्या ब्रिगेडचं ठाणं खालच्या ‘द फार्म’ नावाच्या सपाटीवर होतं. तो फोनवरून हुकूम पोचवत असताना डोक्यात गोळी लागली. ब्रिगेडचा जनरलही तिथेच मारला गेला. हॅरीची वेगळी कबर नाही. हेलेसच्या स्मारकावर बाकी हजारोंबरोबर नाव आहे, तेवढंच.

इंग्लंडमध्ये रदरफर्डनी जाहीरपणे लिहिलं की अशा माणसाला तिथे पाठवणं ही उधळपट्टी आहे. शत्रूच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनाही वाईट वाटलं. नोबेलचा हिशोब बघा : १९१४ चं फिजिक्सचं लाउएला, १९१५ चं ब्रॅग बापलेकांना, १९१७ चं बार्कलाला, १९२४ चं एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपीसाठी सीगबानला. त्याच्या आगेमागे सगळ्यांना. १९१६ चं कुणालाच दिलं नाही. धाकट्या ब्रॅगचा भाऊ रॉबर्टही त्याच गॅलिपोलीत त्याच वर्षी गेला, त्यामुळे त्या घरातही नोबेलची बातमी कशी पोचली असेल कोण जाणे.

लढाईवर असताना हॅरीने मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. जे काही आहे ते रॉयल सोसायटीला, प्रयोग करून होणाऱ्या संशोधनासाठी. पुढे अटही घातली : शुद्ध गणिताला नाही, खगोलशास्त्राला नाही, आणि नुसतं वर्णन करून याद्या बनवणाऱ्या कुठल्याही शास्त्राला नाही. तेव्हासुद्धा खडूसपणा गेला नव्हता! सोसायटीने त्याच्या नावाने स्टुडंटशिप सुरू केली. त्याचं उपकरण आज ऑक्सफर्डच्या विज्ञानाच्या इतिहासाच्या म्युझियममध्ये आहे.

रिकाम्या पायऱ्या इतरांनी भरल्या. ७२ नंबर, हाफ्नियम, १९२३ मध्ये कोपनहेगनला सापडलं, त्याच्याच पद्धतीने रेषा बघून. ७५, ऱ्हेनियम, १९२५ मध्ये जर्मनीत, तेही एक्स-रेवरूनच. ४३ साठी १९३७ पर्यंत थांबावं लागलं, कारण टेक्नेशियम किरणोत्सर्गी आहे आणि ते माणसाने तयार करावं लागलं. शेवटची राहिली ६१. ती भरली १९४५ मध्ये, प्रोमेथियमने. हॅरी तेव्हा असता तर अठ्ठावन्नाव्या वर्षात असता, कदाचित आपल्यापैकी कुणाच्या तरी पणजोबांचा एक्स्टर्नल.